बीजाणू दिसले, सिक्वेन्सही मिळाला. पण जात कोणती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतंगाच्या मेलेल्या अळ्यांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, चमकदार बीजाणू दिसले. ते मायक्रोस्पोरिडियाचे, म्हणजे पेशींच्या आत वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवींचे, वाटले म्हणून अळ्या कुटून डीएनए काढला आणि रायबोसोमच्या लहान उपघटकाच्या जनुकाचा, म्हणजे एसएसयूचा, साधारण १,२०० बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, तुकडा पीसीआरने वाढवून सिक्वेन्स करून, म्हणजे अक्षरांचा क्रम वाचून, घेतला. ब्लास्टमध्ये, म्हणजे सिक्वेन्स डेटाबेसमधल्या नोंदींशी ताडून पाहणाऱ्या साधनात, सर्वांत वरचा निकाल नोसेमाच्या एका जातीचा आला, जुळणी ९८ टक्के. आता याला नोसेमाची नवी जात म्हणता येईल का? आणि सिक्वेन्स हाताशी असताना सूक्ष्मदर्शकाचं काम पुढे चालू ठेवायची गरज आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: अजून नाही. दुसऱ्याचं: आहे, आणि नेहमीपेक्षा जास्त आहे. या गटातल्या परजीवींवर मी बरीच वर्षं काम करतो आहे. सिक्वेन्सिंग आल्यापासून यांचं वर्गीकरण जेवढं सुधारलं तेवढं आधीच्या शंभर वर्षांत सुधारलं नव्हतं, हे माझं ठाम मत आहे. म्हणूनच सिक्वेन्सकडून काय मागावं आणि काय मागू नये हे नीट सांगावंसं वाटतं.

ब्लास्टच्या टक्क्यापासून सुरुवात करू. तुमचा तुकडा डेटाबेसमधल्या कोणत्या नोंदीशी सर्वांत जास्त जुळतो, एवढंच ब्लास्ट सांगतं. तुमच्या परजीवीचा खरा जवळचा नातेवाईक आजवर कोणी सिक्वेन्सच केला नसेल, तर जो उपलब्ध आहे तोच वर येणार. शिवाय त्या नोंदीवरचं नाव ती जमा करणाऱ्याने त्या वेळच्या समजुतीप्रमाणे दिलेलं असतं. नोसेमाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण या प्रजातीची (जीनसची, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) व्याख्याच मधल्या काळात बदलली.

नोसेमा बॉम्बिसिस ही मायक्रोस्पोरिडियाची पहिली वर्णन झालेली जात. कार्ल नेगेली यांनी १८५७ मध्ये रेशीमकिड्याच्या पेब्रिन रोगातून तिचं वर्णन केलं. पुढे पाश्चर यांनी याच रोगावर काही वर्षं काम केलं. तेव्हापासून ज्याच्या बीजाणूत जोडकेंद्रक (एकमेकांना चिकटलेली दोन केंद्रकं) आहे आणि ज्याचे बीजाणू कुठल्या पिशवीत न राहता सुटे तयार होतात, असा कीटकांतला जवळजवळ कोणताही परजीवी नोसेमात टाकला जाऊ लागला. १९७६ मध्ये व्हेरिमॉर्फा ही प्रजाती वेगळी केली गेली. तिचं लक्षण असं की ती सुटे जोडकेंद्रकी बीजाणू तर बनवतेच, पण त्याशिवाय एका पिशवीत आठ-आठ एककेंद्रकी बीजाणूही बनवते. कागदावर हा फरक स्वच्छ दिसतो. पण १९९० च्या दशकात एसएसयूचे वंशवृक्ष निघू लागले, तेव्हा या दोन प्रजातींच्या जाती एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या. आठ बीजाणूंची पिशवी तयार होणं तापमानावर आणि यजमानावरही (परजीवी ज्याच्यात राहतो त्या जीवावरही) अवलंबून असतं, आणि उत्क्रांतीत ही क्षमता अनेकदा गमावली गेली आहे. म्हणजे ज्या लक्षणाच्या अभावावर आपण एखादी जात नोसेमात ठेवत होतो, तो अभाव नातं दाखवतच नव्हता.

२०२० मध्ये टोकारेव्ह आणि सहकाऱ्यांनी दोन्ही प्रजातींची रेणवीय वंशवृक्षाच्या आधारे नव्याने व्याख्या केली. नोसेमा बॉम्बिसिसच्या फांदीवरच्या जाती नोसेमात राहिल्या आणि व्हेरिमॉर्फा नेकॅट्रिक्सच्या फांदीवरच्या जाती व्हेरिमॉर्फात गेल्या. मधमाशांतल्या एपिस आणि सेराने आणि भुंगमाशीतली (बंबलबीतली) बॉम्बी या तिन्ही जाती आता व्हेरिमॉर्फात मोडतात. मधमाशांवर काम करणाऱ्या सगळ्यांना हा बदल पटलेला नाही, त्यामुळे दोन्ही नावं वापरात आहेत आणि डेटाबेसमध्येही दोन्ही भेटतात. मला स्वतःला नवी मांडणी पटते, कारण ती प्रजातीच्या मूळ जातीला, म्हणजे जिच्यावरून प्रजातीचं नाव ठरतं त्या जातीला, धरून आहे. तुम्ही कोणतीही बाजू घ्या, ब्लास्टमध्ये ‘नोसेमा’ आलं म्हणजे परजीवी नोसेमाच आहे असं धरता येत नाही.

म्हणून टक्का बाजूला ठेवा आणि वंशवृक्ष काढा. त्यात दोन्ही प्रजातींच्या मूळ जाती, म्हणजे बॉम्बिसिस आणि नेकॅट्रिक्स, असल्याच पाहिजेत. त्यांच्याजवळच्या पंधरा-वीस जाती घ्या आणि बाहेरचा गट म्हणून जरा दूरची एखादी प्रजाती घ्या. तुमची फांदी कोणत्या बाजूला बसते आणि त्या गाठीला (फांद्या जिथे फुटतात त्या जागेला) आधार किती आहे, हे पाहिल्यावर प्रजातीबद्दल बोलता येईल. आणखी एक उपयोगी खूण आहे. नोसेमा बॉम्बिसिस आणि तिच्या जवळच्या काही जातींमध्ये रायबोसोमच्या जनुकांचा क्रम उलटा असतो: आधी मोठा उपघटक, मग आयटीएस (या दोन जनुकांच्या मधला तुकडा), मग लहान उपघटक. मधमाशीतल्या एपिसमध्ये हा क्रम नेहमीसारखा, लहान उपघटक आधी. योग्य दिशेचे प्रायमर (पीसीआरची सुरुवात जिथून होते ते डीएनएचे छोटे तुकडे) घेऊन हा क्रम पीसीआरने तपासता येतो, आणि अशी रचनेतली खूण एखाद-दुसऱ्या बेसच्या फरकापेक्षा जास्त बोलते.

वंशवृक्ष काढतानाही सावध राहायला हवं, आणि याचं सर्वांत मोठं उदाहरण मायक्रोस्पोरिडियाच्याच इतिहासात आहे. १९८७ मध्ये व्हेरिमॉर्फा नेकॅट्रिक्सच्या रायबोसोमल आरएनएचा सिक्वेन्स प्रसिद्ध झाला आणि त्यावरून हे परजीवी केंद्रकधारी जीवांमध्ये अतिप्राचीन असल्याचा निष्कर्ष निघाला. मायटोकॉन्ड्रिया दिसत नव्हत्या, रायबोसोम जीवाणूंसारखा लहान होता. सगळं त्या निष्कर्षाशी जुळत होतं. पण १९९० च्या दशकात ट्युब्युलिन, एचएसपी७०, आरपीबी१ या प्रथिनांची जनुकं पाहिली गेली आणि मायक्रोस्पोरिडिया बुरशींच्या जवळचे निघाले. इतर जीवांच्या तुलनेत त्यांच्या रायबोसोमच्या जनुकांत बदल फार वेगाने झाले आहेत, त्यामुळे वंशवृक्षात त्यांची फांदी लांबलचक होते, आणि लांब फांद्या एकमेकींकडे किंवा बुंध्याकडे ओढल्या जातात. २००२ मध्ये तर ट्रॅकिप्लेइस्टोफोरा होमिनिस या जातीत मायटोकॉन्ड्रियाचे आक्रसलेले अवशेष, मायटोसोम, प्रत्यक्ष दाखवले गेले. सिक्वेन्स तेव्हाही बरोबर होता, चुकला तो त्याचा अर्थ. तुमच्या छोट्या वंशवृक्षातही हेच होऊ शकतं: एखादी फांदी इतरांपेक्षा खूप लांब दिसली, तर तिच्या जागेवर लगेच विश्वास ठेवू नका. अलाइनमेंट, म्हणजे सिक्वेन्सची एकाखाली एक जुळवलेली मांडणी, डोळ्यांनी तपासा, अनिश्चित जुळणीचे भाग काढून पुन्हा वृक्ष काढा, बाहेरचा गट बदलून पाहा.

आता ‘किती टक्क्यांच्या खाली नवी जात?’ हा प्रश्न. मायक्रोस्पोरिडियासाठी असा सर्वमान्य आकडा नाही, आणि असावा असंही मला वाटत नाही. ट्रायकोप्लुसिया नी या पतंगातून नोसेमा ट्रायकोप्लुसिए नावाची वेगळी जात वर्णन केलेली होती. १९९० च्या दशकात तिचा एसएसयू पाहिल्यावर ती नोसेमा बॉम्बिसिसच असल्याचं मांडलं गेलं. यजमान वेगळा म्हणून जात वेगळी, ही जुनी सवय तिथे उघडी पडली. उलट बाजूही तितकीच खरी आहे. एसएसयू हे त्याच जीवातल्या इतर अनेक जनुकांपेक्षा सावकाश बदलणारं जनुक आहे, त्यामुळे खरोखर वेगळ्या असलेल्या दोन जवळच्या जातींतही ते ९९ टक्क्यांहून जास्त जुळू शकतं. ९८ टक्के हा आकडा एकटा ना नवी जात सिद्ध करतो, ना जुनी.

याहून अडचणीची गोष्ट म्हणजे एकाच परजीवीच्या जीनोममध्ये रायबोसोमच्या जनुकांच्या अनेक प्रती असतात, आणि त्या सगळ्या एकसारख्या असतातच असं नाही. भुंगमाशीतल्या बॉम्बीमध्ये एकेकट्या बीजाणूतून डीएनए घेऊन पाहिलं तेव्हा एका बीजाणूच्या आतच आयटीएसची वेगवेगळी रूपं सापडली. सेरानेमध्येही प्रतींमधला फरक आणि त्यांची आपसातली सरमिसळ दिसली आहे. म्हणजे तुम्ही क्लोन करून पाच सिक्वेन्स काढले आणि पाचही थोडे वेगळे निघाले, तर त्या पाच जाती नाहीत, पाच वाणही नाहीत. आयटीएसवरून वाणांची मोजदाद करणाऱ्या लेखांकडे मी याच कारणाने साशंकतेने पाहतो.

प्राण्यांच्या बारकोडिंगची, म्हणजे एका ठरावीक जनुकावरून जात ओळखण्याची, सवय असलेले लोक इथे सीओआय हे जनुक का वापरत नाही असं विचारतात. ते जनुक मायटोकॉन्ड्रियाच्या जीनोमवर असतं, आणि मायक्रोस्पोरिडियाच्या मायटोसोममध्ये जीनोमच उरलेला नाही. (मायटोस्पोरिडियम डॅफ्निए या पाणपिसवांतल्या, गटाच्या अगदी मुळाजवळच्या परजीवीत मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम सापडला आहे; पण तो अपवाद तुमच्या अळ्यांच्या कामाचा नाही.) तुमच्या नमुन्यातून सीओआय वाढलं तर ते पतंगाचं असेल. ते मात्र जरूर करून ठेवा, कारण अर्धवट कुजलेल्या अळीवरून यजमानाची जात ओळखायला त्याचाच आधार असतो.

परजीवीसाठी दुसरं जनुक म्हणून मी आरपीबी१ सुचवेन. आरएनए पॉलिमरेज दोनच्या सर्वांत मोठ्या उपघटकाचं हे जनुक. ते सहसा एकाच जागी असतं, एसएसयूपेक्षा वेगाने बदलतं, आणि नोसेमा-व्हेरिमॉर्फा गटात तुलनेसाठी त्याचे बरेच सिक्वेन्स उपलब्ध आहेत. एसएसयू आणि आरपीबी१ दोन्ही एकच नातं दाखवत असतील तर पाय घट्ट रोवून बोलता येतं. दोन्ही वेगळं सांगत असतील तर तो शोधच आहे, पण त्याचं कारण सापडेपर्यंत नाव देऊ नये. पूर्ण जीनोमचा मार्गही आता आवाक्यात आहे, कारण हे जीनोम लहान असतात: एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युलायचा २००१ मध्ये वाचलेला जीनोम २९ लाख बेसचा, म्हणजे अनेक जीवाणूंपेक्षाही लहान. अडचण आकाराची नसते, शुद्ध बीजाणू पुरेसे मिळवण्याची असते. नमुन्यात यजमानाचा डीएनए जास्त असेल तर पैसे पतंगाचा जीनोम वाचण्यात जातात.

आणि आता ज्या मुद्द्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो तो मुद्दा. तुम्ही पाहिलेले बीजाणू आणि तुम्हाला मिळालेला सिक्वेन्स एकाच जीवाचे आहेत, हे तुम्ही दाखवलेलं नाही. अळ्या कुटून डीएनए काढला म्हणजे आतड्यातलं सगळं त्यात आलं. अळीने पानाबरोबर दुसऱ्या कीटकाच्या विष्ठेतले बीजाणू गिळले असतील, तर तेही आले. मेलेल्या अळीवर आणखी कोणी वाढलं असेल तर तेही. पीसीआर जे सहज वाढतं ते वाढवतं. जे सर्वांत जास्त आहे तेच वाढेल याची खात्री नसते. बीजाणूचं कवच कायटिन आणि प्रथिनांचं, चांगलंच कठीण असतं. नुसत्या बफर-एन्झाइमच्या प्रक्रियेत ते फुटत नाही, त्यासाठी काचेचे बारीक मणी घालून जोरात हलवावं लागतं. ते केलं नसेल, तर तुमच्या डोळ्यांना दिसलेले बीजाणू नळीच्या तळाशी अखंडच राहिले असतील आणि सिक्वेन्स भलत्याच कोणाचा आला असेल. प्रक्रियेनंतर त्या नळीतला एक थेंब काचपट्टीवर घेऊन पाहा: बीजाणू अजून चमकत असतील तर ते फुटलेले नाहीत, फुटलेले बीजाणू मंद आणि पोकळ दिसतात.

मिश्र संसर्गाची खूण बहुतेकदा क्रोमॅटोग्राममध्येच, म्हणजे सिक्वेन्सिंग यंत्राने काढलेल्या रंगीत शिखरांच्या आलेखातच, असते, पण ती पाहायला मूळ फाइल उघडावी लागते. प्रयोगशाळेकडून आलेला अक्षरांचा मजकूर थेट ब्लास्टमध्ये टाकला की ती हरवते. साधारण चित्र असं असतं: पहिल्या तीन-चारशे बेसपर्यंत एकेक टोकदार, स्वच्छ शिखर, आणि मग एका ठिकाणापासून पुढे प्रत्येक जागी दोन रंगांची शिखरं एकमेकांवर. त्या ठिकाणी दोन साच्यांपैकी एकात एखादा बेस कमी किंवा जास्त आहे, म्हणून तिथून पुढे दोन्ही वाचनं एका घराने सरकलेली असतात. उलट्या दिशेच्या प्रायमरने वाचलं की तीच जागा दुसऱ्या बाजूने येते, म्हणजे कारण निश्चित. असं असेल तर दोन जीव आहेत, किंवा एकाच जीवाच्या दोन वेगळ्या प्रती आहेत. कोणतं खरं हे क्लोनिंगने किंवा लांब वाचन करणाऱ्या नॅनोपोरसारख्या पद्धतीने, आणि मुख्य म्हणजे एकेका अळीवर वेगळं काम करून ठरवावं लागतं. प्रत्येक अळीत दोन्ही रूपं ठराविक प्रमाणात दिसली तर प्रतींचा संशय घ्या. काहींत एक, काहींत दुसरं दिसलं तर दोन परजीवींचा.

म्हणून पुढच्या वेळी जिवंत, आजारी अळी घ्या आणि ती उघडा. संसर्ग मेदपिंडात (चरबी साठवणाऱ्या ऊतीत) असेल तर तो पारदर्शक-पिवळसर न राहता दुधासारखा पांढरा, फुगलेला दिसतो. रेशीमग्रंथीत असेल तर तिच्यावर पांढरे ठिपके येतात. मध्य आतडं, मालपिघी नलिका (कीटकांच्या उत्सर्जनाच्या नळ्या), मेदपिंड आणि रेशीमग्रंथी यांचे बारीक तुकडे वेगवेगळे घ्या. प्रत्येकाचा अर्धा भाग ताज्या काचपट्टीवर आणि गीम्साच्या रंगासाठी ठेवा, अर्धा अल्कोहोलमध्ये डीएनएसाठी, आणि एक छोटा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ग्लुटराल्डिहाइडमध्ये. तिन्हींवर एकाच अळीचा एकच क्रमांक असावा. अळी आतड्यावाटे नुसते बीजाणू गिळून बसली असेल तर मेदपिंडात ते सापडणार नाहीत. ऊतीत वाढीच्या अवस्था दिसल्या आणि त्याच ऊतीतून तोच सिक्वेन्स आला, की बीजाणू आणि सिक्वेन्स यांची गाठ पक्की झाली.

सूक्ष्मदर्शक काय देतो हे मधमाशीच्या उदाहरणावरून नीट कळतं. सेराने ही जात १९९६ मध्ये आशियाई मधमाशीतून वर्णन केली गेली. बीजाणूतल्या ध्रुवीय नलिकेचे (संसर्गाच्या वेळी बाहेर फेकल्या जाणाऱ्या, आत गुंडाळलेल्या नळीचे) वेढे तिच्यात साधारण २० ते २३, तर एपिसमध्ये ३० हून जास्त. हा फरक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने निर्विवाद दिसतो. पण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सेरानेचे बीजाणू थोडे लहान आहेत एवढंच, आणि रोजच्या तपासणीत तेवढ्यावर कोणी जात ओळखत नव्हतं. युरोपियन मधमाशीत सेराने आहे हे २००० च्या दशकाच्या मध्यावर सिक्वेन्सिंगनेच उघड झालं, आणि मग जुने साठवलेले नमुने तपासल्यावर ती आधीपासूनच तिथे होती असं दिसलं. वर्णन सूक्ष्मदर्शकाने केलं म्हणून सिक्वेन्सला नाव होतं. सिक्वेन्स होता म्हणून तिचा प्रसार कळला.

सिक्वेन्सिंगशिवाय जे जवळजवळ अशक्य होतं, त्याचं माझं आवडतं उदाहरण डासांतलं आहे. अँब्लिओस्पोरासारख्या परजीवींना डास आणि कोपेपॉड (पाण्यातले बारीक कवचधारी प्राणी) असे दोन यजमान लागतात, हे १९८५ मध्ये प्रयोगांनी सिद्ध झालं. डासाच्या अळीतले बीजाणू आणि कोपेपॉडमधले बीजाणू आकाराने, रचनेने इतके वेगळे की नुसतं पाहून त्यांना वेगवेगळ्या प्रजातींत टाकलं जाई. जोडी जुळवायला पूर्वी कोपेपॉडमधले बीजाणू डासाच्या अळ्यांना खाऊ घालून संपूर्ण जीवनचक्र प्रयोगशाळेत फिरवावं लागे. आता एकाच डबक्यातल्या डासांचा आणि कोपेपॉडचा एसएसयू वाचला की कोण कोणाचं हे कळतं, आणि खाऊ घालण्याचा प्रयोग नेमक्या जोडीवर करता येतो. तुमचा परजीवी पतंगांतला असल्याने दुसऱ्या यजमानाची शक्यता कमी आहे. पण त्याच झाडावरच्या इतर पतंगांच्या अळ्या आणि त्यांच्यावरच्या परजीवी गांधीलमाश्या तपासायला विसरू नका.

नावाच्या नियमांबद्दल थोडंसं. मायक्रोस्पोरिडिया बुरशींच्या जवळचे ठरले, तरी त्यांची नावं बुरशी आणि वनस्पतींच्या नामकरण संहितेखाली येत नाहीत. त्या संहितेने त्यांना स्पष्टपणे वगळलं आहे आणि प्राणिशास्त्रीय संहिताच लागू होते. त्यामुळे नवी जात जाहीर करायची तर वर्णन, इतर जातींपासूनचा फरक आणि कुठल्या तरी संग्रहात जमा केलेला मूळ नमुना लागतो. मायक्रोस्पोरिडियासाठी हा नमुना म्हणजे सहसा बीजाणूंची काचपट्टी. डेटाबेसमधला क्रमांक त्या काचपट्टीची जागा घेऊ शकत नाही.

तोवर तुमचा सिक्वेन्स डेटाबेसमध्ये जरूर जमा करा, पण जातीचं नाव न देता. वंशवृक्षाने बाजू स्पष्ट केली असेल तर प्रजातीच्या नावापुढे ‘जात अनिश्चित’ अशी नोंद आणि तुमचा नमुना क्रमांक. बाजू स्पष्ट नसेल तर नुसतं ‘मायक्रोस्पोरिडियम’ आणि क्रमांक. हे नाव अशाच अनिश्चित नमुन्यांसाठी राखलेलं सामूहिक नाव आहे. सोबत यजमानाची जात, ती कशी ओळखली, अळीची अवस्था, कोणत्या ऊतीतून डीएनए घेतला, गोळा केल्याची जागा आणि तारीख, आणि काचपट्टी कुठे ठेवली आहे, एवढं लिहा. मी डेटाबेसमध्ये तुलनेसाठी सिक्वेन्स शोधतो तेव्हा ज्या नोंदीत ऊतीचं नाव आणि काचपट्टीचा क्रमांक असतो, तीच आधी वंशवृक्षात घेतो.